घ, म्ह आणि वर्णाच्या आतली बांधणी

वर्णमालेचा तक्ता आपण आडवा पाठ करतो. क, ख, ग, घ, ङ. मग च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. पाच ओळी, पाच स्तंभ, पंचवीस वर्ण. आडवं म्हणताना प्रत्येक वर्ण सुटा, स्वयंपूर्ण वाटतो. तोच तक्ता एकदा वरून खाली म्हणून पाहा : घ, झ, ढ, ध, भ. आता जीभ आणि ओठ पाच वेळा जागा बदलतात, पण गळ्यात एकच क्रिया पाचदा होते. शेजारचा स्तंभ म्हणा : ग, ज, ड, द, ब. जागा त्याच, गळ्यातली क्रिया निराळी.

हा तक्ता करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. वर्ण हा उच्चाराचा सगळ्यात लहान घटक नाही. तोही जोडूनच तयार होतो. त्याचे सुटे भाग एकापुढे एक नव्हे, तर एकाच वेळी वाजतात, म्हणून ते आपल्याला वेगळे ऐकू येत नाहीत. आधुनिक भाषाविज्ञान या सुट्या भागांना भेदक लक्षणं म्हणतं. पाणिनीने ‘तुल्यास्यप्रयत्नं सवर्णम्’ या सूत्रात तोंडातली जागा आणि प्रयत्न समान असलेल्या वर्णांना एका कुळात घातलं, तेव्हा तोही वर्णाच्या आतच पाहत होता.

हे भाग हाताने तपासता येतात. चिमटीत नाक धरा आणि ‘म्म्म्’ लांबवा. आवाज क्षणात कोंडतो. ‘आबा’ म्हणा, काही बिघडत नाही. म आणि ब यांच्यात ओठ सारखेच मिटतात, गळा सारखाच घुमतो. फरक एवढाच की म म्हणताना पडजीभ खाली येऊन नाकाचा रस्ता उघडते. सर्दीने नाक चोंदलं की ‘मामा’चं ‘बाबा’ होतं ते यामुळे. दुसरी परीक्षा कागदाच्या पातळ पट्टीची. ती ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरून ‘ताट’ आणि ‘थाट’ म्हणा. पहिल्याला पट्टी जेमतेम हलते, दुसऱ्याला उडते. या परीक्षेसाठी प-फ ही जोडी घेऊ नका. आता बरेच जण फ ओठ-दातांच्या घर्षणाने उच्चारतात, मग श्वासाचा झोत स्पर्श सुटल्यानंतरचा की घर्षणाचा, ते कळत नाही. तिसरी परीक्षा गळ्यावर बोटं ठेवून करायची. ‘आपा’ म्हणताना ओठ मिटलेले असताना कंप थांबतो, ‘आबा’ म्हणताना ओठ मिटूनही चालू राहतो.

म्हणजे पाच स्थानं आणि तीन होय-नाही प्रश्न : घोष, म्हणजे गळ्यातला कंप, आहे का; महाप्राण, म्हणजे सोबत सुटणारा श्वास, आहे का; नाक उघडं आहे का. एकूण आठ गोष्टी, आणि त्यांतून पंचवीस वर्ण. खरं तर च-वर्गात स्पर्शाला घर्षण जोडलेलं असतं, आणि क-वर्गाला कंठ्य म्हणत असलो तरी जीभ टेकते ती मऊ टाळूला. पण हिशेब त्याने मोडत नाही.

उलट हा हिशेब पुढे नेला की तक्त्यात नसलेलं काहीतरी हाती लागतं. तीन होय-नाही प्रश्नांची उत्तरं आठ तऱ्हांनी देता येतात. तक्त्यात स्तंभ मात्र पाचच. मग उरलेले तीन कुठे गेले? त्यांतल्या दोघांत नाक उघडं पण गळा अघोष. असे अघोष अनुनासिक संस्कृतात नाहीत, मराठीतही नाहीत. म्यानमारच्या ब्रह्मी भाषेत मात्र अघोष म आणि न अर्थभेद करतात. तिसरं रिकामं घर घोष, महाप्राण आणि अनुनासिक अशा तिन्हींचं. संस्कृतच्या तक्त्यात त्याला जागा नाही. मराठी माणूस ते रोज बोलतो : म्ह, न्ह, ण्ह. म्हैस, न्हावी, कण्हणे.

लिपीने यांना जोडाक्षरं करून टाकलं, म्हणून आपणही त्यांना ‘म अधिक ह’ समजतो. ती समजूत कानाशी ताडून पाहायला हवी. मणी आणि म्हणी, नाणे आणि न्हाणे, काना आणि कान्हा, वा आणि व्हा, या जोड्यांत अर्थ बदलतो तो मधे आणखी एक वर्ण घुसल्यामुळे नव्हे, त्याच वर्णाचा गळा सैल झाल्यामुळे. ‘म्हणी’ म्हणताना श्वासाळ घोष ओठ मिटलेले असतानाच सुरू होऊन पुढच्या स्वरात उतरत जातो. म आधी संपला, मग ह आला, असा सांधा तिथे सापडत नाही.

आणखी एक साक्ष वृत्तांची आहे. जोडाक्षराआधीचं लघु अक्षर आघात आला की गुरू होतं : ‘सत्य’मधला स, ‘पुस्तक’मधला पु. पण ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘कुऱ्हाड’ यांत पहिल्या अक्षरावर तसा आघात येत नाही आणि ते लघुच मोजलं जातं. कागदावर दोन व्यंजनं दिसत असली तरी वृत्त सांभाळणारा कान तिथे एकच मोजतो. आणि हे फक्त अनुनासिकांपुरतं नाही. कोल्हा, कुऱ्हाड, जिव्हाळा यांतले ल्ह, ऱ्ह, व्ह त्याच जातीचे. सैल गळ्याचं हे लक्षण मराठीत स्पर्शांपुरतं राहिलं नाही, ते म, न, ल, र, व अशा मऊ व्यंजनांवरही पसरलं.

हे आलं कुठून? इथे लक्षणांची कल्पना इतिहासाला जाऊन भिडते, आणि माझ्या मते तिचा सगळ्यात देखणा पुरावा इथेच आहे. संस्कृत ‘उष्ण’ प्राकृतात ‘उण्ह’ झालं, ‘कृष्ण’चं ‘कण्ह’, ‘ग्रीष्म’चं ‘गिम्ह’, ‘स्नान’चं ‘ण्हाण’. स आणि ष हे वर्ण गेले. पण जुन्या व्याकरणात श, ष, स, ह हे ऊष्म वर्ण महाप्राण मानले आहेत; त्यांच्यातला तो श्वास मागे राहिला आणि शेजारच्या अनुनासिकाला चिकटला. वर्ण मेला, लक्षण जगलं. ‘उण्ह’पासून आलेलं ‘ऊन’ आज शब्दाच्या टोकाला तो श्वास झाकून ठेवतं, पण ‘उन्हात’, ‘उन्हाळा’ म्हणताच तो परत बाहेर येतो. आणि ‘चिह्न’ला मराठीने ‘चिन्ह’ केलं, ‘ब्रह्म’ लिहून ‘ब्रम्ह’ म्हटलं, तेही याच घडणीला धरून.

उलटा प्रवासही झाला आहे. ‘हस्त’चं ‘हत्थ’ झालं. त्यापासून हिंदीत हाथ आला, मराठीत हात. भूख आणि भूक, भीख आणि भीक, सीखना आणि शिकणे, सूखा आणि सुका. शब्दाच्या आत किंवा शेवटी असलेल्या अघोष महाप्राणातून मराठीने फक्त श्वास काढून घेतला. स्थान, स्पर्श, अघोषपणा यांना धक्का लागला नाही. ‘उण्ह’मध्ये वर्ण जाऊन लक्षण राहिलं, ‘हात’मध्ये लक्षण जाऊन वर्ण राहिला. एकाच भाषेत दोन्ही घडतं, तर हे दोन वेगळे थर आहेत हे मानावंच लागतं.

आता मूळ प्रश्न : घ किंवा भ म्हणताना गळा नेमकं काय करतो?

१९६४ साली ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या भाषाशास्त्रज्ञांनी अकरा भाषांमधले शब्दारंभीचे स्पर्श, म्हणजे तोंडाची वाट पुरती अडवून उच्चारलेली व्यंजनं, मोजले. त्या अकरांत मराठी होती, हिंदीही होती. त्यांचं माप साधं होतं : स्पर्श सुटल्यापासून स्वरतंत्रींचा कंप सुरू होईपर्यंत किती वेळ जातो. मराठी प मध्ये हे अंतर शून्याच्या आसपास असतं. ख, थ यांत कंप कित्येक मिलिसेकंद उशिरा येतो. ब मध्ये तो ओठ उघडण्याच्या आधीच, साधारण शंभर मिलिसेकंद अलीकडे, सुरू झालेला असतो. या एका मापाने थाई भाषेतले तिन्ही प्रकार वेगळे पडतात. मराठी आणि हिंदीत मात्र हे माप चौथ्या स्तंभाशी अडलं. ब आणि भ दोन्हींत कंप आधीच सुरू होतो. कालमापनावरून ते सुटे होत नाहीत. फरक ‘केव्हा’चा नाही, ‘कसा’चा आहे.

आणि ‘कसा’चं उत्तर तैत्तिरीय प्रातिशाख्यात, वेदपठणातल्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथात, आहे. कंठ मिटलेला असताना नाद होतो, उघडा असताना श्वास, आणि मधल्या अवस्थेत हकार. घोष महाप्राणांत हाच हकार मिसळतो, असं तिथली परंपरा सांगते. स्वरतंत्री पुढच्या बाजूने कंप पावत राहतात, मागची फट पुरती मिटत नाही, आणि घोषासोबत हवा गळत राहते. आज यंत्रांनी पाहून दिलेलं वर्णनही असंच आहे. अमेरिकन विद्वान विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी १८६२ मध्ये अथर्ववेद प्रातिशाख्याचं भाषांतर छापलं, तेव्हा ही परंपरा इंग्रजीतही वाचायला मिळू लागली. १९७१ मध्ये मॉरिस हॅले आणि केनेथ स्टीव्हन्स यांनी गळ्यासाठी चार लक्षणं सुचवली : कंठद्वार फाकलेलं, कंठद्वार आवळलेलं, तंत्री ताठ, तंत्री सैल. त्यांच्या मांडणीत भ म्हणजे ओठांचा स्पर्श, फाकलेलं कंठद्वार आणि सैल तंत्री.

हे स्वतः पाहायचं असेल तर ॲमस्टरडॅमच्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं प्राट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ‘आबा’ आणि ‘आभा’ पाच-पाच वेळा ध्वनिमुद्रित करा. माइक तोंडासमोर नको, गालाच्या बाजूला धरा; समोर धरला की श्वासाचा झोत त्यावर आदळून ‘फट्’ असा आवाज उमटतो आणि नेमका हवा तो भाग झाकला जातो. मोबाइलवर मुद्रण करत असाल तर आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोय बंद ठेवा, कारण तिला भ मधला श्वास गोंगाट वाटतो आणि ती तो पुसून टाकते. वर्णपट, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडल्यावर दोन्ही शब्दांत ओठ मिटलेल्या काळात तळाशी घोषाची काळी पट्टी दिसेल. ओठ सुटल्यावर ‘आबा’मध्ये स्वराच्या उभ्या रेघा लगेच ठसठशीत उमटतात. ‘आभा’मध्ये त्या आधी धूसर, धुक्यात असल्यासारख्या दिसतात, मग स्वच्छ होतात. चौथा स्तंभ म्हणजे तो धूसर पट्टा.

लक्षणांचा आधुनिक सिद्धान्त मात्र गळ्यापासून सुरू झाला नाही, कानापासून झाला. प्राग संप्रदायातल्या निकोलाय त्रुबेत्स्कोय आणि रोमान याकोबसन यांनी स्वनिमांमधले, म्हणजे अर्थभेद करणाऱ्या ध्वनींमधले, विरोध तपासले. १९५२ मध्ये याकोबसन, स्वीडनचे गुन्नार फांट आणि हॅले यांनी जगातल्या भाषांसाठी डझनभर द्विपर्यायी लक्षणांची यादी मांडली, तिचा पाया ध्वनीच्या तरंगांवर होता. त्यांच्या मते प आणि क हे दोन्ही ‘गंभीर’, खालच्या सुराकडे झुकलेले, आणि त हा ‘तीव्र’. तोंडात पाहिलं तर ओठ आणि मऊ टाळू ही दोन टोकं, त्यांची जोडी जमवणं विचित्र वाटतं. पण लॅटिनमधला आठ म्हणजे ‘ओक्टो’ रुमानियनमध्ये ‘ऑप्ट’ झाला, तिथे क चा प झाला, मधला त टाळून. कानाला ते दोघं शेजारी आहेत म्हणूनच हे घडू शकतं. १९६८ मध्ये नोम चॉम्स्की आणि हॅले यांनी लक्षणं पुन्हा तोंडाच्या भाषेत मांडली आणि बहुतेक अभ्यासक तिकडे गेले. माझा कल दोन्हीकडे आहे : नियम बहुधा तोंड घडवतं, पण कोणत्या चुका खपतात हे कान ठरवतो.

लक्षणं मानल्याने मिळतं काय, हे मराठीतल्या एका नियमावरून स्पष्ट दिसतं. असा, अशी. कसा, कशी. म्हैस, म्हशी. आणि शेजारी आमचा, आमची, माझा, माझी. ‘आमचा’मधला च दातांमागे उच्चारला जातो, ‘आमची’मधला टाळूकडे. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतले झ सुद्धा एक नव्हेत. लिपी स-श हा बदल लिहिते आणि च-झ यांचा लपवते, म्हणून शाळेत हे दोन वेगळे विषय वाटतात. उच्चारात तो एकच आहे. ई म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो, आणि आधीचं दंत्य व्यंजन तेवढं एक लक्षण उचलून घेतं. कोणतंही दंत्य व्यंजन मात्र नाही : जाता-जाती, साधा-साधी यांत त, ध जागचे हलत नाहीत. ज्यांच्यात सीत्कार, म्हणजे स सारखा घर्षणाचा आवाज, आहे, ते दंत्य च, ज, झ आणि स, तेवढेच बदलतात. वर्णांची नावं घेतली तर ही चार नावांची मोळी आहे. ‘दंत्य आणि सीत्कारयुक्त’ म्हटलं की तो एक वर्ग होतो. पोटनियमही आहे : ए समोर च बदलतो, ‘आमचे’, स बदलत नाही, ‘असे’. आणि सामान्यरूपात ‘पैसा’चं ‘पैशाला’ होतं, कारण ‘घोड्याला’मध्ये जो य उघड दिसतो तो इथे श मध्ये विरघळला आहे. ‘मासिक’सारखे तत्सम शब्द या नियमाला जुमानत नाहीत.

तीच गोष्ट संधीची. वाक् आणि ईश यांचं वागीश, षट् आणि आनन यांचं षडानन, जगत् आणि ईश यांचं जगदीश. विद्यार्थी हे तीन नियम म्हणून घोकतात. स्थान जसंच्या तसं ठेवून गळा घुमवायचा, एवढाच नियम आहे.

अनुस्वार तर सगळ्यात बोलका. गंगा, पंच, घंटा, संत, आंबा यांत टिंब एकच, उच्चार पाच : ङ, ञ, ण, न, म. म्हणजे टिंबापाशी स्वतःचं स्थानच नाही. ‘नाक उघड’ एवढी एक सूचना त्याच्याकडे आहे, स्थान पुढच्या स्पर्शाकडून उसनं येतं. पाणिनीने याला परसवर्ण म्हटलं. जॉन गोल्डस्मिथ यांनी १९७६ मध्ये सूर आणि वर्ण वेगवेगळ्या पातळ्यांवर मांडून त्यांना रेषांनी जोडायची पद्धत दिली; पुढे स्थानासारखी लक्षणंही तशीच पातळीवर मांडली गेली, एका स्थानाची रेष दोन वर्णांना जोडलेली. ‘संसार’, ‘संशय’, ‘सिंह’ यांत पुढे तोंड पुरतं बंद होतच नाही, म्हणून उसनं घ्यायला स्पर्श नाही, आणि मराठीत तिथे नाकातला व-सारखा उच्चार येतो. हे ‘सन्सार’ म्हणून शिकवणं चुकीचं आहे.

कोणतं लक्षण अर्थ बदलतं आणि कोणतं नुसतं सोबत येतं, हे भाषेगणिक वेगळं असतं. इंग्रजीत शब्दारंभीचा प श्वासासह सुटतो आणि स नंतरचा श्वासाविना, पण इंग्रजी माणसाला ते दोन वर्ण वाटत नाहीत. मराठीत इ-उ यांचं ऱ्हस्वदीर्घ तसंच. ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण लिहितो वेगळे, बोलतो सारखेच; लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते. शुद्धलेखनात वेलांटी चुकणाऱ्या मुलाचा कान बिघडलेला नसतो. त्याच्या बोलीत जो भेदच नाही, तो त्याच्याकडे लेखणीने मागितला जात असतो.

आणि जिथे कानाला भेद आहे पण लिपीत नाही, तिथे यंत्रं अडखळतात. नामजप मधला जप टाळूचा, ‘तब्येत जप’ मधला दातांमागचा. चार रुपये आणि ‘गुरांना चार’, तसंच. मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला इ, ए, य समोरचा च तालव्य करायला सांगणं सोपं आहे. चंद्र, चरण, जन्म अशा तत्सम शब्दांत तो तालव्य ठेवणंही यादीने जमतं. उरलेल्या शब्दांसाठी मात्र शब्दागणिक नोंद असलेला उच्चारकोश लागतो. तो न करता सोडलेलं यंत्र ‘चांगला’ परक्यासारखं म्हणतं आणि दृष्टिहीन वाचकाला ते दिवसभर ऐकावं लागतं.

कान कोणतं लक्षण धरून ठेवतो, हे जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नायसली यांनी १९५५ मध्ये सोळा इंग्रजी व्यंजनं गोंगाटात ऐकवून तपासलं. घोष आणि अनुनासिकता गोंगाटातही टिकली, स्थान आधी हरवलं. फोनवर ‘पपईतला प’ सांगावं लागतं, ‘म की ब’ असं मात्र सहसा विचारावं लागत नाही, ते म्हणून. जिभेच्या चुकाही कधीकधी लक्षणांच्या असतात. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी १९७१ मध्ये नोंदवलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे : ‘क्लिअर ब्लू स्काय’ऐवजी निघालं ‘ग्लिअर प्लू स्काय’. क चा ग, ब चा प; घोष एकटाच उडी मारून गेला. अशा चुका विरळा. बहुतेक वेळा अख्खे वर्णच अदलाबदल होतात, आणि वर्ण ही पातळीही खरी आहे याचा तो पुरावा.

या सगळ्याचा सगळ्यात थेट उपयोग मुलांच्या बोलण्यात दिसतो. एखादं मूल काकाला ‘ताता’, गायीला ‘दाय’ आणि घराला ‘धर’ म्हणत असेल तर पालक तीन अक्षरं चुकतात असं सांगतात. चूक एकच आहे : जिभेची मागची बाजू उचलायची तिथे पुढची उचलली जाते. ‘दाय’मध्ये घोष बरोबर, ‘धर’मध्ये सैल गळा बरोबर, मुलाने अवघड भाग कमावलेला आहे. म्हणून वाचा-उपचारात क, ग, घ वेगवेगळे घोटून घ्यायची गरज नसते. एक वर्ण, बहुधा क, पक्का केला की पुष्कळदा बाकीचे त्याच्यामागे येतात, कारण दुरुस्त झालेली असते ती जागा.

मोठेपणी मराठी शिकणाऱ्या इंग्रजीभाषकाची अडचण उलट. जागा त्याला येते, गळा येत नाही. भात म्हणताना तो ब आणि ह यांच्यामध्ये पुसटसा स्वर घालतो, ‘बहात’, कारण त्याच्यासाठी ते दोन वर्ण आहेत. त्याला भ पासून सुरुवात करायला लावू नये. आधी थकून सुस्कारा टाकतो तसा सैल ‘आऽऽ’ म्हणायला सांगावं. तोच सैल आवाज न तोडता ओठ मिटून ‘म्ह’ करायला लावावा. नाक उघडं असल्याने हवेला वाट असते आणि सैलपणा टिकतो. ‘म्ह’ दहा-बारा वेळा नीट आला, की त्याला स्वतःचं नाक चिमटीत धरून तोच म्हणायला सांगावा : भ निघतो.